दाताच्या जागी इम्प्लांट: पहिल्या तपासणीपासून रोजच्या सफाईपर्यंत

नैसर्गिक दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती बारीक तंतूंची पातळ गादी असते, साधारण ०.२ मिलिमीटर जाडीची, आणि दात तिच्यावर किंचित झुलत असतो. जेवताना खडा लागला की पहिली वर्दी ही गादीच देते आणि जबडा आपोआप उघडतो. इम्प्लांटला ती गादी नसते. हाड त्याला थेट धरतं. इम्प्लांटबद्दल जे समजून घ्यायचं त्यातलं बरंचसं या एका फरकातून निघतं: मधे महिनोन्‌महिने थांबावं का लागतं, कॅपची उंची केसभर कमी का ठेवतात, आणि आतून बिघडत असतानाही दुखत का नाही.

नेमकं बसतं काय

तीन भाग असतात. हाडात जाणारा स्क्रू, त्यावर बसणारा जोड म्हणजे अबटमेंट, आणि तोंडात दिसणारी कॅप. बोलताना आपण तिन्हींना मिळून इम्प्लांट म्हणतो, पण डॉक्टरांच्या लेखी इम्प्लांट म्हणजे फक्त हाडातला स्क्रू. खर्चाचा अंदाज लिहून घ्याल तेव्हा तिन्ही भागांची नोंद वेगवेगळी आहे ना, हाड भरावं लागलं तर त्याचं काय, तात्पुरता दात त्यात धरला आहे का, हे तिथेच विचारून घ्या. पुढचे बहुतेक गैरसमज या एका शब्दावरूनच होतात.

स्क्रू बहुतेक वेळा टायटॅनियमचा असतो. व्यास सहसा ३.५ ते ५ मिलिमीटर आणि लांबी ८ ते १२ मिलिमीटर. खालच्या पुढच्या दातांसारख्या अरुंद जागी ३ मिलिमीटरच्या आसपासचे बारीक स्क्रूही वापरतात. त्याचा पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत केलेला असतो, म्हणजे हाडाच्या पेशींना पकड मिळते. स्वीडनमधले संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९५० च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियमची छोटी उपकरणं बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती निघेनात, कारण हाड धातूला घट्ट धरून वाढलं होतं. त्यावरूनच १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. टायटॅनियमला चुंबक ओढत नाही, त्यामुळे इम्प्लांट असताना एमआरआय करता येतो. फक्त त्याच्या आजूबाजूचं चित्र थोडं विस्कटतं. तपासणीला जाल तेव्हा तोंडात इम्प्लांट आहे एवढं मात्र सांगा.

इम्प्लांट हवंच का

एक दात गेला आहे आणि शेजारचे दोन्ही दात धडधाकट आहेत, अशा वेळी इम्प्लांटचा फायदा सर्वांत मोठा. ब्रिज म्हणजे शेजारच्या दोन दातांच्या आधारावर मधे पक्का बसवलेला दात. तो करायचा तर ते दोन चांगले दात चारही बाजूंनी घासावे लागतात, आणि घासलेला दात पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. पण शेजारच्या दातांवर आधीच मोठी फिलिंग किंवा जुन्या कॅप असतील तर ब्रिज हा तितकाच रास्त मार्ग आहे, आणि काही आठवड्यांत काम होतं. काढघाल करता येणारी कवळी सर्वांत कमी खटपटीची. हाड फार झिजलं असेल किंवा तब्येत शस्त्रक्रियेला साथ देत नसेल तर तिचा विचार आधी करावा. सगळ्यात मागची दाढ गेली असेल आणि तिच्या समोर चावायला दातच नसेल, तर काहीही न बसवणं हाही एक निर्णय आहे.

दात काढण्याआधीच पुढचं ठरवा

ही पायरी बहुतेकांच्या हातून निसटते. दात काढला की त्याला धरून असलेलं हाड आटायला लागतं. वर्षभरात त्या जागची हाडाची रुंदी साधारण निम्म्याने कमी होते, आणि त्यातली मोठी घट पहिल्या तीन महिन्यांतच होऊन जाते. गालाच्या किंवा ओठाच्या बाजूची भिंत आधी जाते, कारण ती मुळात कागदासारखी पातळ असते. म्हणून ‘आधी काढून टाकू, मग बघू’ असं म्हणत वर्ष गेलं तर जिथे साधा स्क्रू बसला असता तिथे हाड भरण्याची वेगळी शस्त्रक्रिया करावी लागते.

दात काढायचा ठरला की त्याच भेटीत विचारा: मूळ अलगद, भिंत न मोडता काढता येईल का? खड्ड्यात हाडाची भुकटी भरून जागा राखायची का? की त्याच वेळी इम्प्लांट बसवता येईल? दात काढल्या काढल्या इम्प्लांट बसवायचं तर खड्ड्याच्या भिंती शाबूत हव्यात, पू वाहत असता कामा नये, आणि मुळाच्या टोकापलीकडे स्क्रूला पकड मिळेल इतकं हाड हवं. यातली एक जरी अट पुरी होत नसेल तर ६ ते ८ आठवडे थांबून, हिरडी भरल्यावर बसवणं जास्त सुरक्षित.

तपासणी: इथे घाई नको

साध्या एक्स-रेमध्ये हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही. पूर्ण जबड्याच्या ओपीजी चित्रात तर प्रतिमा मुळातच मोठी येते, त्यामुळे त्यावर पट्टी ठेवून घेतलेलं माप फसवं असतं. त्रिमितीय चित्र म्हणजे सीबीसीटी काढली की हाडाची रुंदी, खालच्या जबड्यातली नस आणि वरच्या दाढांच्या डोक्यावरची सायनसची पोकळी हे सगळं मिलिमीटरमध्ये मोजता येतं.

चित्र समोर असताना डॉक्टरांना मापं दाखवायला सांगा. स्क्रू आणि शेजारच्या दाताचं मूळ यांत किमान १.५ मिलिमीटर अंतर हवं; दोन इम्प्लांट शेजारी असतील तर त्यांच्यामध्ये ३ मिलिमीटर. खालच्या नसेपासून २ मिलिमीटर राखायचे. गालाच्या बाजूला स्क्रूबाहेर दीड ते दोन मिलिमीटर हाड उरलं पाहिजे. ते उरलं नाही तर सुरुवातीला सगळं छान दिसतं आणि पुढे हिरडी खाली सरकून धातूची करडी कड डोकावते. पुढच्या दातांत ही चूक फार बोचते आणि दुरुस्त करायला अवघड असते.

हाड कमी असेल तर भुकटी आणि पातळ पडदा घालून ते वाढवता येतं. वरच्या दाढांच्या जागी सायनसचं अस्तर उचलून खाली हाड भरतात. अशा कामानंतर साधारण ४ ते ९ महिने जाऊ द्यावे लागतात.

आता तब्येतीचा भाग. यातलं काहीही लपवू नका, किरकोळ वाटलं तरी.

मधुमेह असला तरी इम्प्लांट होतं, पण साखर आटोक्यात हवी. अलीकडचा एचबीए१सीचा, म्हणजे गेल्या तीनएक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा रिपोर्ट बरोबर न्या. ८ च्या वर असेल तर आधी तो खाली आणणं शहाणपणाचं. हाडांच्या ठिसूळपणावर किंवा कर्करोगासाठी अॅलेन्ड्रोनेट, झोलेड्रॉनिक अॅसिड किंवा डेनोसुमॅब घेत असाल, किंवा पूर्वी कधी घेतलं असेल, तर ते आवर्जून सांगा. या औषधांमुळे जबड्याची जखम न भरता हाड उघडं पडण्याचा धोका असतो, आणि त्यातली पहिली दोन, म्हणजे बिस्फॉस्फोनेट गटातली औषधं, हाडात वर्षानुवर्षं मुरलेली राहतात. डेनोसुमॅब आपल्या मनाने थांबवणंही घातक, कारण त्यानंतर मणक्याची हाडं मोडू शकतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच: त्या बंद करायच्या की चालू ठेवायच्या हे ज्यांनी दिल्या त्यांना विचारूनच ठरवा. जबड्याला रेडिएशन मिळालं असेल तर त्याची मात्रा आणि तारीख लिहिलेला कागद हवा.

धूम्रपान करणाऱ्यांमध्ये इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण न करणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट असतं. पूर्ण सोडणं जमत नसेल तर निदान शस्त्रक्रियेच्या आधी आठवडाभर आणि नंतर दोन महिने पूर्ण बंद ठेवा. हिरड्यांचा आजार असेल, दात हलत असतील, ब्रश करताना रक्त येत असेल, तर आधी त्याचे उपचार पूर्ण करा. ज्या जंतूंनी तुमचे दात सैल केले तेच जंतू इम्प्लांटभोवतीही वस्ती करतात.

आणि वय. वरची मर्यादा अशी नाही. सत्तरी-ऐंशीतही हाड धरतं. खालची मात्र आहे. जबड्याची वाढ चालू असताना शेजारचे दात हाडासह खाली-पुढे सरकत राहतात. इम्प्लांटला गादी नसल्यामुळे ते जागच्या जागी थांबतं, आणि काही वर्षांत त्याची कॅप बाकीच्यांपेक्षा आखूड दिसू लागते. म्हणून खेळताना पुढचा दात गमावलेल्या मुलांना वाढ पूर्ण होईपर्यंत तात्पुरत्या दातावर ठेवतात.

शस्त्रक्रियेचा दिवस

एका इम्प्लांटला साधारण अर्धा ते एक तास लागतो. जागा बधिर करण्यापुरतं इंजेक्शन पुरतं. दाब आणि कंप जाणवतो. दुखलं तर लगेच हात वर करा, आणखी इंजेक्शन देता येतं.

हिरडी उघडून आधी बारीक ड्रिल जातं, मग क्रमाने जाड. मध्ये एक खूणपिन घालून दिशा तपासतात, बहुतेकदा एक्स-रेही काढतात. या सगळ्या वेळात ड्रिलवर थंड सलाइनची धार चालू असते आणि तोंड पाण्याने भरत राहतं. ती धार महत्त्वाची आहे. हाड ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिटभर राहिलं तरी त्याच्या पेशी मरू लागतात, आणि मेलेलं हाड स्क्रूला धरत नाही. बोथट ड्रिल, जोराचा दाब आणि अपुरं पाणी एकत्र आलं की स्क्रू त्या दिवशी घट्ट बसतो आणि काही आठवड्यांनी सैल होऊन हातात येतो.

शेवटी स्क्रू सावकाश फिरवत आत नेतात. किती जोराने आत गेला ते न्यूटन सेंटिमीटरमध्ये मोजतात; २५ ते ४५ चांगलं मानतात. फार कमी असेल तर पकड नाही, आणि फार जास्त असेल तर हाड चेपून त्याचा रक्तपुरवठा तुटतो. त्यानंतर दोन रस्ते: वर झाकण बसवून हिरडी शिवून टाकायची, किंवा हिरडीच्या वर येणारा गोल हीलिंग अबटमेंट लावायचा. दुसऱ्या प्रकारात पुन्हा हिरडी उघडावी लागत नाही. पुढचा दात असेल आणि स्क्रू ३५ च्या आसपास घट्ट बसला असेल, तर त्याच दिवशी तात्पुरती कॅप मिळू शकते, पण ती समोरच्या दाताला टेकू देत नाहीत. ती फक्त दिसण्यापुरती, चावायला नाही.

पहिले दहा दिवस

कापसाचा बोळा ३० ते ४५ मिनिटं घट्ट दाबून धरा. पहिल्या दिवशी गालावर बर्फ: २० मिनिटं ठेवायचा, २० मिनिटं काढायचा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी आरशात पाहून घाबरू नका. पहिले २४ तास खळखळून चूळ भरू नका, स्ट्रॉने पिऊ नका, जोराने थुंकू नका. तिन्हींमुळे जखमेवरची रक्ताची गुठळी निघून येते. त्यानंतर क्लोरहेक्सिडिनच्या पाण्याने दिवसातून दोनदा हलकी चूळ. बाकीचे दात नेहमीसारखे घासा. तोंड अस्वच्छ ठेवण्याने जखम सुरक्षित होत नाही. अन्न मऊ आणि कोमट, दुसऱ्या बाजूने चावून. टाके ७ ते १० दिवसांनी काढतात. सायनसजवळ काम झालं असेल तर दोन आठवडे नाक शिंकरू नका, आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीही खालचा ओठ किंवा हनुवटी बधिरच असेल, मुंग्या येत असतील, तर वाट पाहू नका, लगेच फोन करा. नसेवर दाब येत असेल तर स्क्रू थोडा मागे घ्यावा किंवा काढावा लागतो, आणि तो निर्णय पहिल्या दीड दिवसात झाला तर नस सावरण्याची शक्यता जास्त. चौथ्या दिवसानंतर ठणका वाढत जाणं, ताप, पू किंवा थांबत नसलेलं रक्त यांनाही हाच नियम.

थांबण्याचे महिने

खालच्या जबड्यात साधारण दीड ते तीन महिने, वरच्या जबड्यात तीन ते सहा. वरचं हाड जास्त सच्छिद्र, म्हणून जास्त वेळ.

या काळात आत काय चालतं ते कळलं तर पथ्य पाळणं सोपं जातं. पहिल्या दिवशीची पकड ही निव्वळ आट्यांची पकड असते, लाकडात स्क्रू बसावा तशी. पुढच्या आठवड्यांत शरीर दुखावलेलं हाड खरवडून काढतं आणि नवं हाड घालू लागतं. जुनी पकड सुटत चालली आहे आणि नवी अजून पुरती आलेली नाही, असा एक नाजूक काळ तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास येतो. नेमकं तेव्हाच दुखणं पूर्ण थांबलेलं असतं आणि त्या बाजूने चावून पाहायचा मोह होतो. त्या दिवसांत इम्प्लांट हललं तर त्याच्याभोवती हाडाऐवजी मऊ तंतू वाढतात, आणि मग ते काढण्याशिवाय इलाज उरत नाही. काढघाल करायची तात्पुरती कवळी जखमेवर टोचत असेल तर ती आतून घासून घ्या. तिचा दाबही पुरेसा असतो.

हाडाने धरलं का, हे पाहायला छोटा खुंटा लावून कंपनावरून मोजणारं यंत्र वापरतात. त्याचा आकडा आयएसक्यू. ७० च्या वर असेल तर निश्चिंतपणे पुढे जाता येतं.

माप आणि कॅप

माप ट्रेमध्ये मसाला भरून घेतात किंवा तोंडात स्कॅनर फिरवून. माप घेताना लावलेला तुकडा तळाशी पक्का बसला आहे का, हे एक्स-रे काढून पाहायला हवं. इथे राहिलेली केसभर फट पुढे कॅपमध्ये उतरते.

कॅप बसवण्याचे दोन प्रकार. एकात ती वेगळ्या छोट्या स्क्रूने आवळतात, दुसऱ्यात सिमेंटने चिकटवतात. शक्य तिथे स्क्रूची घ्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे. ती कधीही उघडता येते, आणि मुख्य म्हणजे हिरडीखाली सिमेंट राहत नाही. राहून गेलेला सिमेंटचा कण महिनोन्‌महिने हिरडी सुजवत ठेवतो आणि हाड खातो. स्क्रूचं भोक चावण्याच्या बाजूला असतं. आत टेफ्लॉनची पट्टी दाबून वर दाताच्या रंगाचं फिलिंग करतात. ते कधी निघालं तर घाबरू नका, पण आठवड्याच्या आत भरून घ्या. पुढच्या दातात स्क्रूची दिशा ओठाकडे असेल तर सिमेंटला पर्याय नसतो. तेव्हा कॅपची कड हिरडीच्या फार खाली नेऊ नये आणि नंतर एक्स-रे काढून उरलेलं सिमेंट पाहावं.

हा छोटा स्क्रू हाताच्या अंदाजाने आवळत नाहीत. ठरावीक जोराला टकदिशी सुटणारा टॉर्क रेंच असतो. बहुतेक कंपन्यांचा आकडा १५ ते ३५ न्यूटन सेंटिमीटरच्या दरम्यान. एकदा आवळल्यावर दहाएक मिनिटांनी तोच स्क्रू पुन्हा तितकाच आवळावा, कारण धातूचे बारीक उंचवटे दबून पहिला ताण थोडा उतरतो. हे दुसरं आवळणं राहून गेल्यामुळेही पुष्कळ कॅप पुढे सैल होतात.

मग चाव. नैसर्गिक दात जोराच्या दाबाखाली २५ ते १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत दबतो, इम्प्लांट जेमतेम ३ ते ५. दोघांची उंची सारखी ठेवली तर जोरात चावताना शेजारचे दात दबतात आणि सगळा भार कॅपवर येतो. म्हणून डॉक्टर १२ मायक्रॉनची चमकती पट्टी कॅपवर ठेवतात. हलकेच दात मिटले की पट्टी सरकून निघाली पाहिजे, आवळून मिटले की अडकली पाहिजे. तुम्हाला बधिरपणा नसताना ही तपासणी करून घ्या, आणि ‘बहुतेक ठीक आहे’ असं म्हणून खुर्चीतून उठू नका. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर रात्री घालायचा गार्ड याच वेळी बनवून घ्या.

सगळेच दात गेले असतील तर प्रत्येक दातामागे एक इम्प्लांट लागत नाही. खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी टिचक बटणांनी अडकवली तरी ती हलायची थांबते. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय सुचवला होता. बटणांमधली नायलॉनची चकती झिजते, ती अधूनमधून बदलायची. पक्के, न निघणारे दात हवे असतील तर एका जबड्यात ४ ते ६ इम्प्लांट घालतात.

काय बिघडतं आणि कसं ओळखायचं

कॅप हलते आहे असं वाटलं तर बहुतेकदा कॅप आवळणारा छोटा स्क्रू सैल झालेला असतो, हाडातलं इम्प्लांट नव्हे. त्या बाजूने चावणं थांबवा आणि दोन-तीन दिवसांत दाखवा. तसंच चावत राहिलात तर तो स्क्रू वाकून तुटतो, आणि आत अडकलेला तुकडा काढणं फार जिकिरीचं असतं.

काही वर्षांनी कॅप आणि तिच्या पुढचा दात यांच्यात अन्न अडकू लागतं. नैसर्गिक दात हळूहळू पुढे सरकत असतात, इम्प्लांट जागेवर असतं, म्हणून फट पडते. स्क्रूची कॅप असेल तर ती काढून भर घालून पुन्हा बसवता येते.

सर्वांत जपायचं ते हिरडीला. सुरुवातीला हिरडी लाल होते, सफाई करताना रक्त येतं. या टप्प्यावर नीट सफाई केली तर ती पूर्ववत होते. दुर्लक्ष झालं तर जंतू खाली उतरतात आणि स्क्रूभोवतीचं हाड कटोरीच्या आकारात झिजतं. ते परत आणणं कठीण. या सगळ्यात दुखत नाही, कारण कळ सांगणारी गादीच नाही. दुखलं की जाऊ, असं ठरवलं तर फार उशीर झालेला असतो. रक्त हीच खूण धरा.

रोज दोनदा मऊ ब्रश, हिरडीच्या कडेवर तिरका धरून. दिवसातून एकदा प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या तारेचा छोटा गोल ब्रश दोन्ही बाजूंच्या फटींतून आत-बाहेर करा. ब्रश किंचित घासून जाईल इतका जाड हवा. जोडलेल्या कॅपखालून जाड, फुगीर फ्लॉस ओवायचा. दर सहा महिन्यांनी तपासणी, हिरड्यांचा आजार होऊन गेला असेल तर तीन-चार महिन्यांनी. कॅप बसली त्या दिवशीचा एक्स-रे आणि हिरडीच्या खोलीची मापं नोंदवून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी कशाशी ताडून पाहायचं ते हाताशी असतं. पहिल्या वर्षात हाड थोडं बसतं, ते अपेक्षित आहे. त्यानंतर ते जवळपास स्थिर राहायला हवं.

इम्प्लांटच्या डबीवर एक स्टिकर असतो: कंपनी, प्रकार, व्यास, लांबी आणि लॉट क्रमांक. त्याची एक प्रत मागून घ्या, तिचा फोटो काढून ठेवा, खाली अबटमेंटचा प्रकार आणि कॅप स्क्रूची की सिमेंटची तेही लिहा. कंपनीगणिक स्क्रूची चावी वेगळी असते. दहा वर्षांनी, दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरांसमोर सैल कॅप घेऊन बसाल तेव्हा कोणती चावी लागेल हे त्या स्टिकरवरूनच कळतं. ते नसेल तर चांगली कॅप कापून काढण्याची वेळ येते.